रोमँटिक कॉमेडी कशाने चालते? टॉकीजमधल्या हशाची आणि माझ्या एका बातमीची गोष्ट

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

मागच्या आठवड्यात एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. आपल्या गावातली दोन पोरं आली. मोबाईलवर छोट्या फिल्म करतात, बऱ्यापैकी करतात. आता दीड-दोन तासांचा पूर्ण पिक्चर करायचा म्हणतात. एकानं विचारलं, "दादा, तुम्ही एवढे पिक्चर बघितलेत. रोमँटिक कॉमेडी चालते कशाने हो?" दुसरा मध्येच म्हणाला, "हिरॉइन पाहिजे." पहिला म्हणाला, "गाणी." टपरीवाले काका कप विसळत म्हणाले, "नशीब."

मी म्हणालो, सांगतो नंतर. घरी आलो आणि तीन रात्री त्याच प्रश्नात अडकलो. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आणि खरं सांगायचं तर त्यात माझा स्वतःचा एक जुना हिशोब पण आहे. तो शेवटी सांगतो.

आधी एक साधी गोष्ट बघा. असल्या पिक्चरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या थेटरला कळलेलं असतं की हा आणि ही शेवटी एकत्र येणार. पोस्टरवरच कळतं. मग लोक तिकीट काढतात कशासाठी? शेवट माहीत असलेली गोष्ट अडीच तास बघायची, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी मधे असलं पाहिजे. ते मधलं म्हणजे दोघांच्या आड येणारी भिंत. ती कशी उभी आहे, तिला भोक कुठं पाडता येतं आणि ती पडते तेव्हा धूळ कुणाच्या अंगावर उडते, हे बघायला लोक येतात. देखणे चेहरे आणि चांगली गाणी पडलेल्या पिक्चरमध्ये पण होती. चाललेल्या पिक्चरची भिंत मात्र त्या त्या काळातल्या लोकांच्या ओळखीची होती, असं माझं म्हणणं आहे. आता उदाहरणं घेतो.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल, कारण या प्रकाराचा साचा तिथं पक्का झाला. साल १९३४. महामंदी चालू होती, लाखो लोक बेकार होते. त्या वर्षी फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाचा 'इट हॅपन्ड वन नाइट' आला. गोष्ट अशी: एका कोट्यधीशाची लाडावलेली मुलगी बापाशी भांडून पळते आणि साध्या बसने न्यूयॉर्कला निघते. बसमध्ये तिला भेटतो नोकरी गेलेला एक बातमीदार. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस! त्याला ती ओळखू येते आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो प्रेमाचा नाही, बातमीचा. पळून गेलेली श्रीमंताची पोरगी, एक्सक्लुझिव्ह.

पुढं पैसे संपतात. दोघांना एकाच खोलीत रात्र काढावी लागते, तर तो मधे दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. घोंगडीची भिंत. अख्ख्या पिक्चरचं मर्म त्या दोरीवर टांगलेलं आहे. या बाजूला बेकार माणूस, त्या बाजूला कोट्यधीशाची मुलगी, आणि मधे अशी भिंत की नुसत्या हाताने सरकेल, पण सरकवायची कुणी? सकाळी तो तिला डोनट कॉफीत कसा बुडवायचा ते शिकवतो. आपल्याकडं चहात बिस्कीट किती वेळ धरायचं हे शिकवावं तसं. बेकारीत दिवस काढणारं पब्लिक हे बघून खदखदून हसलं, कारण श्रीमंताला आपल्या रोजच्या जगण्यातलं काहीच येत नाही आणि आपल्या माणसाला ते येतं, हे त्यांना पडद्यावर बघायला मिळालं.

गंमत म्हणजे या पिक्चरकडून फार आशा कुणालाच नव्हत्या. नायक क्लार्क गेबल दुसऱ्या मोठ्या कंपनीचा नट, त्याला उसना दिलेला. नायिका क्लॉडेट कोल्बेर पण नाखुषीनेच तयार झालेली. पण चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर घेणारा तो पहिला चित्रपट ठरला. आपल्याकडं त्याच गोष्टीवर १९५६ मध्ये 'चोरी चोरी' झाला आणि १९९१ मध्ये 'दिल है कि मानता नहीं'. साठ वर्षांत तीनदा तीच बस, तीच पोरगी, तोच बातमीदार.

त्या पिक्चरचा शेवट लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे. मुलीचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला बापाने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. बातमीदार बापाकडं जातो, पण ते बक्षीस मागत नाही. प्रवासात खिशातून गेलेले ३९ डॉलर ६० सेंट तेवढे मागतो. तिथं बाप ओळखतो की हा माणूस आपल्या मुलीच्या लायकीचा आहे. म्हणजे बाप पण नुसता व्हिलन नाही, त्याला माणसं कळतात. चांगल्या रोमँटिक कॉमेडीत भिंतीच्या बाजूच्या माणसाचं पण काहीतरी म्हणणं असतं. ते नसेल तर हसू येत नाही, नुसता राग येतो.

आता आपल्या मातीत येऊ. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. लेखन आचार्य अत्रे यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचं आणि नायक पण तेच. हा औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक भाषण ऐकतो आणि ठरवतो की बायकांचं तोंड बघायचं नाही. व्यायाम, लंगोट, आश्रम सुरू. आणि तिथं किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकर. तिनं पोहण्याच्या पोशाखात केलेल्या गाण्यावरून त्या काळात केवढा गहजब झाला, हे आजही सांगितलं जातं. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर यांची ती आजी.

पण नुसत्या पोहण्याच्या पोशाखावर पिक्चर इतकी वर्षं लक्षात राहत नाही. विचार करा, इथं भिंत कुठंय? बाप आडवा येत नाही, पैसा आडवा येत नाही. भिंत पोराच्या स्वतःच्या डोक्यात आहे आणि ती एका भाषणाने बांधलेली आहे. ब्रह्मचर्याचा, शरीर कमावण्याचा, देशासाठी संसार सोडण्याचा उपदेश तेव्हा गावोगाव चालला होता. थेटरात बसलेल्या कित्येक तरुणांनी तसं भाषण ऐकलेलं असणार आणि काहींनी दोन-चार आठवड्यांचं व्रत पण धरलेलं असणार. त्यांना आपलंच सोंग पडद्यावर दिसलं. आणि बघा, पुढाकार मुलीने घेतला. १९३८ मध्ये!

पुढं दोनच वर्षांनी विनायकांनीच चिं. वि. जोशींच्या चिमणरावांना पडद्यावर आणलं, 'लग्न पहावे करून'. नावातच सगळं आलं. लग्न जमवणं हीच यातायात, हीच भिंत. ज्या घरात उपवर मुलगी किंवा मुलगा आहे, त्या घराला यातला विनोद समजावून सांगावा लागत नव्हता.

१९५२. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेली. रेशन, बेकारी, शहरात खोली मिळण्याची मारामार. त्या वर्षी राजा परांजपे यांनी 'लाखाची गोष्ट' केली. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. कफल्लक कलावंत तरुण श्रीमंताच्या मुलीच्या प्रेमात पडतो. मुलीचा बाप हाकलून देत नाही. तो म्हणतो, हे घे एक लाख रुपये, महिन्याभरात संपवून दाखव, मग मुलगी देतो. १९५२ चा एक लाख! ज्यांच्या घरात महिन्याच्या शेवटी वाण्याची उधारी राहत होती, ते लोक पडद्यावर बघतायत की एक माणूस पैसे संपत नाहीत म्हणून रडकुंडीला आलाय. भिंत पैशाचीच आहे, फक्त उलटी करून उभी केली.

त्यातला नायक राजा गोसावी. जुने लोक एक किस्सा सांगतात, की हा पिक्चर पुण्यात लागला तेव्हा राजाभाऊ थेटराच्या बुकिंगच्या खिडकीत बसून तिकिटं विकायचे. म्हणजे पडद्यावर लाख रुपये उधळणारा माणूस खाली येऊन सुटे पैसे मोजून द्यायचा. याहून चांगला सीन कुणी लिहिला असता का?

मग १९७१. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या'. लेखन वसंत सबनीस यांचं. आईच्या धाकातला, भोळा नाम्या आणि तमाशातली कलावती. इथं भिंत म्हणजे 'आये' आणि तिच्या मागे उभी असलेली गावाची अब्रू. फडावर जाऊन तमाशा बघायचा, शिट्ट्या मारायच्या, पण त्या बाईला घरात घ्यायचं नाही. हा दुटप्पीपणा गावाला पाठ होता. म्हणून गाव हसलं. मुंबईत दादरच्या कोहिनूर थेटरात हा पिक्चर लागावा म्हणून शिवसेनेला मधे पडावं लागलं, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. शहरातल्या लोकांनी नाकं मुरडली तरी एसटीच्या टपावर बसून लोक बघायला गेले, असं आमच्या वडिलांच्या पिढीकडून ऐकलंय.

त्याच दशकात मुंबईत वेगळंच चाललं होतं. बायका नोकरी करायला लागल्या होत्या, बसस्टॉपवर रोज तीच मुलगी दिसायला लागली होती. बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' १९७६ चा. अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा. इथं बाप नाही, जात नाही, पैसा पण फार नाही. भिंत एवढीच की पोराला तोंड उघडता येत नाही. मग तो खंडाळ्याला एका कर्नलकडं आत्मविश्वासाची शिकवणी लावतो. अनोळखी मुलीशी बोलायचं कसं, हे ज्या पिढीला कुणी शिकवलंच नव्हतं, तिची ही भिंत होती. पुढं १९८३ मध्ये सई परांजपे यांनी 'कथा' केला. मूळ नाटक मराठी, एस. जी. साठे यांचं 'ससा आणि कासव'. चाळ, सरळ माणूस आणि गोड बोलणारा लबाड. चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला त्यातला ससा कोण हे नावानिशी सांगता आलं असतं.

इथं कुणीतरी म्हणेल, भिंत भिंत काय लावलंय, विनोद आणि नट नकोत का? हवेत. त्याचं उत्तर 'अशी ही बनवाबनवी'त आहे. १९८८ चा सचिन पिळगावकरांचा हा पिक्चर हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. गोष्ट तीच, भिंत पण तीच: जोडपं असल्याशिवाय खोली मिळत नाही, म्हणून दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं. पण हिंदी पिक्चर आज किती लोकांना आठवतो? आणि 'बनवाबनवी'? लग्नाच्या पंगतीत नुसता एक शब्द टाका, चार लोक पुढचा संवाद म्हणतात. फरक वसंत सबनीसांच्या लेखणीचा, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या टायमिंगचा, आणि सुधीर जोशींच्या घरमालकाचा. भिंत पाया आहे, घर त्यावर बांधावंच लागतं. पण मला सांगा, आजही पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना 'बॅचलर नको' म्हणून किती दारं बंद होतात? पस्तीस वर्षांहून जास्त झाली तरी तो पिक्चर शिळा होत नाही, त्याचं अर्धं कारण हे आहे.

आता माझ्या आठवणीतला काळ. १९९५ च्या दिवाळीत 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला. आमच्या टॉकीजला तो बराच उशिरा लागला. मी शाळेत होतो. थेटरात एक गोष्ट मी पहिल्यांदा बघितली: पोरं आणि त्यांचे बाप एकाच सीनला टाळ्या वाजवत होते. कारण नायक मुलीला पळवून नेत नाही, तिच्या बापाचा होकार मिळेपर्यंत थांबतो. बापांना वाटलं आपला मान राहिला, पोरांना वाटलं आपलं प्रेम राहिलं. मुंबईच्या मराठा मंदिरात तो पंचवीस वर्षांच्या वर चालला तो उगाच नाही.

पण त्यानंतर एक झालं. लोकांनी सोपा अर्थ घेतला की नायक पुरेसा गोड वागला, घरकामात मदत केली, सासूबाईंना हसवलं, की भिंत आपोआप सरकते. पडद्यावर दोन्ही घरं श्रीमंत, दोन्ही घरं एकाच थरातली. आडनावं अशी की काही कळू नये. भिंती थर्मोकोलच्या झाल्या. थर्मोकोलची भिंत पडली तर हसू येतं, पण घरी जाईपर्यंत टिकत नाही.

नंतर मराठीत दोन पिक्चर आले ज्यांनी भिंत परत खरी केली. २०१० चा सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई'. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. जवळजवळ अख्खा पिक्चर दोनच माणसांचा, एका दिवसाचा, नुसतं चालणं आणि बोलणं. सेट नाहीत, परदेश नाही. मुलगी मुंबईहून पुण्याला येते ती मुलाला नकार द्यायला. मला वाटतं त्या पिक्चरचं यश या एका गोष्टीत आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नकार देण्याचा हक्क तोपर्यंत मुलाकडचा समजला जायचा. इथं मुलगी स्वतः एकटी येऊन नाही म्हणणार आहे. नोकरी करणाऱ्या हजारो मुलींना तो दिवस आपला वाटला.

दुसरा २०१४ चा रवी जाधवांचा 'टाइमपास'. दहावी नापास दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. वैभव मांगले यांनी केलेला बाप हसवतो पण आणि घाबरवतो पण. भिंत कशाची हे पिक्चर स्पष्ट बोलत नाही, पण दोन्ही घरांची भाषा, देवघर, जेवण बघितलं की थेटरातल्या प्रत्येकाला कळत होतं. मराठी पिक्चरच्या कमाईचे तोपर्यंतचे आकडे त्यानं मागे टाकले.

आणि मग २०१६. 'सैराट'.

तुम्ही म्हणाल, ती कुठं कॉमेडी? पण पहिला अर्धा भाग आठवा. विहीर, चिठ्ठी, बुलेट, वर्गातली नजरानजर, लंगड्या आणि सल्या. नागराज मंजुळेंनी मध्यंतरापर्यंत आपल्याला अस्सल रोमँटिक कॉमेडी दाखवली. लोक खुर्च्या सोडून नाचले. आम्ही पण नाचलो. मध्यंतरानंतर भिंत विनोदाने पडायचं नाकारते. शेवटी आवाजच बंद होतो. आमच्या थेटरातून त्या रात्री दीड-दोनशे माणसं बाहेर पडली आणि पार्किंगपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. शंभर कोटींच्या वर गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. त्यानं आपल्याला एवढंच विचारलं: इतकी वर्षं तुम्ही ज्या भिंती पडताना हसत होता, त्यात ही भिंत का नव्हती? ब्रह्मचर्य होतं, पैसा होता, लाजाळूपणा होता, खोली होती. जात सरळ नाव घेऊन क्वचितच होती.

आता तो जुना हिशोब.

२००४ साल असेल. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकताच गावात परत आलो होतो आणि एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या द्यायचो. एक दिवस कळलं की शेजारच्या गावातली एक मुलगी आणि दुसऱ्या समाजातला एक मुलगा पळून गेले. ती वीस वर्षांची, तो तेवीसचा. दोघं कायद्याने सज्ञान. म्हणजे गुन्हा काहीच नाही. पण आमच्याकडं अशा बातमीचा साचा ठरलेला होता. 'फूस लावून पळवले' हे शब्द हाताला सवयीचे होते. मी बातमी लिहिली, नावं टाकली नाहीत, पण गावं टाकली, मुलाच्या वडिलांचा धंदा टाकला. आणि शेवटी आपली माहिती किती पक्की आहे हे दाखवायला एक ओळ टाकली, की दोघं अमुक औद्योगिक वसाहतीजवळ मुलाच्या मित्राकडं असल्याचं समजतं.

छापून आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं दोन गाड्या घेऊन तिथं पोचली. कुणाचा जीव गेला नाही, एवढंच बरं म्हणायचं. मुलीला आणलं, महिन्याभरात लांबच्या गावी लग्न लावून दिलं. मुलगा सहा महिने गावात आला नाही. काही वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. शिवी दिली नाही. वाढत होता, माझ्या पानात भात वाढला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, ती शेवटची ओळ नसती तर आमचं निभावलं असतं."

जेवण गेलं नाही.

आता ते १९३४ मधलं परत बघा. त्या बातमीदाराच्या हातात पण तीच बातमी होती. त्यानं बक्षीस सोडलं आणि खर्चाचे पैसे घेतले. माझ्या हातात बक्षीस म्हणून काय होतं? बातमीमागे मिळणारे थोडे रुपये आणि चौकात चार जणांनी 'भारी बातमी' म्हणणं. मी तेवढ्यावर ठावठिकाणा विकला. त्या पिक्चरमध्ये मी असतो तर तो कॉमेडी राहिलाच नसता. प्रेमाची तीच गोष्ट पडद्यावर हसून बघायची आणि पेपरात गुन्ह्याच्या पानावर वाचायची, हे आपण सगळे करतो. फरक फक्त सांगणाऱ्याचा असतो. सांगणारा भिंतीवर हसतो की त्या दोघांवर, यावर ठरतं.

कायदा काय सांगतो ते पण लिहितो, कारण पोस्ट पोरं-पोरी वाचतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न बघता लग्न करता येतं, पण त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. ती नोटीस कोण वाचतं? घरचे वाचतात, गावातले रिकामटेकडे वाचतात आणि आम्ही पत्रकार वाचतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने वा कुणीही मधे पडायचं नाही, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष हवा. आंतरजातीय लग्नाला सरकारची पन्नास हजारांच्या मदतीची योजना आहे. कागदावर भिंत बरीच खाली आलीय. पण कागदाकडून गावात यायला वेळ लागतो.

तर पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आज आपल्या तालुक्यात कुठली भिंत आहे ते आधी शोधा. मला विचाराल तर एक तर डोळ्यासमोर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेले होते, 'आम्हाला नवरी मिळवून द्या' म्हणून. देशभर बातमी झाली, लोक हसले. पण त्या हसण्याच्या खाली काय आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ज्या जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आज नवऱ्या म्हणून कुठून येणार? आणि ज्या आल्या, शिकल्या, एमपीएससीचा अभ्यास करतायत, त्यांनी पाच एकरवाल्याला नाही म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? आईला पहाटे चारला उठून धारा काढताना त्यांनी बघितलंय.

यात तुमचा पिक्चर आहे. शेती करणारा चांगला पोरगा आणि त्याला नाही म्हणणारी चांगली पोरगी. दोघांचं पण बरोबर असलं पाहिजे. मुलीला हावरट दाखवलंत की पिक्चर पडला म्हणून समजा, कारण थेटरात अर्ध्या खुर्च्या मुलींच्या असतात. बापाला नुसता राक्षस दाखवलात तरी पडला. जात येणार असेल तर लपवू नका, लोकांना सगळं कळतं. आणि विनोद करा, भरपूर करा, लोकांना हसायचंय. फक्त कुणावर हसायचं ते आधी ठरवा.

गाणी चांगली घ्याच. हिरॉइन पण बघा. टपरीवाल्या काकांचं नशीब पण लागेलच थोडं.

माझं म्हणाल, तर त्या भाताच्या पंगतीनंतर मी एक नियम केलाय. सज्ञान मुला-मुलीनं मर्जीने घर सोडलं असेल तर मी बातमी करत नाही. कुणी जबरदस्ती, मारहाण केली तर करतो, आणि तेव्हा मारणाऱ्यांबद्दल लिहितो. त्यामुळे काही बातम्या सुटतात, ऑफिसातून फोन येतो की तुमच्या तालुक्याची बातमी दुसऱ्या पेपरात कशी? मी म्हणतो, सुटली साहेब. खर्चाचे पैसे तेवढे द्या.

तुमच्या गावच्या टॉकीजमध्ये कुठल्या पिक्चरला सगळ्यात जास्त हशा पडला होता आणि तिथं भिंत कशाची होती, ते खाली लिहा. पोरांना उपयोगी पडेल. आणि आपल्या गावातल्या खऱ्या जोडप्यांची नावं मात्र लिहू नका.